दोन बोटं मागे

सगळं सभागृह हसलं, आणि सभागृहाबरोबर संध्या तायडेही हसली. हसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण हसलो. ओठ अजून पसरलेलेच होते; ते तिने हाताने मिटावेत तसे मिटले. व्यासपीठावर डॉ. सूर्यभान निंभोरकर हशा ओसरण्याची वाट पाहत उभे होते, चष्मा हातात, मान किंचित कललेली. पंचाहत्तरीतला हा माणूस हशा किती वेळ चालू द्यायचा ते अजूनही अचूक जाणत होता. किस्सा त्यांनी चांगला सांगितला होता. जानेवारी अठ्ठ्याण्णव. अमरावतीच्या जुन्या तटबंदीला, परकोटाला लागून, एका खिडकीच्या बाहेर (परकोटातल्या लहान दरवाजाला इथे खिडकीच म्हणतात), मोकळ्या प्लॉटवर उत्खनन. दिल्लीचे पाहुणे पाहणीला येणार, म्हणून सरांनी मजूर बायांना सांगितलं, सगळं स्वच्छ करून ठेवा. "आणि सकाळी जाऊन पाहतो तर काय मंडळी, बायांनी अख्खा इतिहास शेणानं सारवून ठेवलेला! वरून रांगोळी! दिल्लीवाले विचारतात, डॉक्टरसाहेब, थर कुठे आहेत? मी म्हटलं, साहेब, थर गेले, पण आमच्या वऱ्हाडचा पाहुणचार पाहा!" हशा इथे झाला. त्या 'बाया' म्हणजे एकच बाई होती. इंदूबाई देवराव तायडे, संध्याची आई. ती या घडीला अकोल्यात, कौलखेडच्या घरी, वरणाला फोडणी देत असेल, आणि तिची एक्कावन्न वर्षांची मुलगी शंभर किलोमीटरवर, तिसऱ्या रांगेत बसून, तिला हसली होती.

राग लगेच आला नाही. संध्या पाटबंधारे खात्यात अनुरेखक होती. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघ जशी आहे तशी उतरवून घेण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. त्यामुळे आधी तिने किस्सा तपासला, एखादा आराखडा तपासावा तसा. रांगोळी नव्हती. पांढऱ्या मातीचा बोटभर काठ होता, चारी बाजूंनी. 'अख्खा इतिहास' नव्हता. खड्डा पावणेदोन मीटर खोल होता आणि सारवण तळाला होतं, भिंतीवर फार तर वीतभर चढलेलं. वरचे सगळे थर जसेच्या तसे दिसत होते. दिल्लीवाल्यांनी थर कुठे आहेत असं विचारलंच नव्हतं. त्यांच्यातल्या एका बाईने वाकून सारवणाचा वास घेतला होता आणि छान म्हटलं होतं. हा किस्सा संध्याने आजवर चार वेळा ऐकला-वाचला होता: एकदा दिवाळी अंकात, एकदा रेडिओवर, एकदा सरांच्या निरोप समारंभात, आणि आज. दिवाळी अंकात बाई एकच होती. रेडिओवर दोघी झाल्या. निरोप समारंभात 'बाया' झाल्या आणि आज त्यांनी रांगोळी काढली. म्हणजे दर खेपेला किस्सा वाढत होता, आणि दर खेपेला ती नुसती ऐकणारी किंवा वाचणारी होती. मग राग आला. तो चढताना तिला स्पष्ट कळला, पाणी तापताना भांड्याच्या बुडाला कळावं तसा, आणि तो सरांवर आहे एवढं म्हणून तिने त्याला तिथेच थांबवलं.

कार्यक्रम शहराच्या इतिहासाचं नवं दालन उघडण्याचा होता. व्यासपीठामागे एक भला मोठा फलक लावला होता, त्याचं उद्घाटन अजून व्हायचं होतं, पण पडदा अर्धा सरकल्यामुळे तो दिसत होता. परकोटाबाहेरच्या त्या खड्ड्याच्या भिंतीचं रेखाचित्र, रंग भरून, माणसाच्या उंचीएवढं मोठं केलेलं. सर्वांत वर अलीकडचा कचरा, त्याखाली परकोट बांधताना पाथरवटांनी घडवलेल्या दगडांच्या कपच्या आणि चुना, सर्वांत खाली मूळ काळी माती. आणि कपच्या व काळी माती यांच्या मधे एक करडा पट्टा, त्यावर एकच शब्द: भराव. अक्षर तिचं होतं. नकाशावर लिहायचं सरळ, सुटं अक्षर, आयटीआयमध्ये घोटून घेतलेलं. 'र'ची शेपटी ती थोडी लांब सोडायची. मूळ कागदावर तो शब्द मुगाच्या दाण्याएवढा होता. इथे तो दोन फुटांचा झाला होता आणि 'र'ची शेपटी तिच्या हाताच्या पंजाएवढी होती. फलकाखाली छापलेलं तिने जागेवरूनच वाचलं: परकोटाच्या बांधकामापूर्वी या बाजूस वस्ती असल्याचा पुरावा मिळत नाही, नगर प्रथम परकोटाच्या आत वसले आणि नंतर बाहेर पसरले. तिने ते दोनदा वाचलं. सगळी वाक्यं व्याकरणशुद्ध होती.

सरांनंतर एक अधिकारी बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की त्याच प्लॉटवर आता व्यापारी संकुल होणार आहे, तळघरात पार्किंग, वर ऐंशी गाळे. हरकती आणि सूचना मागवल्या आहेत, उद्या सोमवारी पाच वाजेपर्यंत मुदत. "तशी हरकत कोणाची असणार? डॉक्टरसाहेबांनीच लिहून ठेवलंय, खाली नुसता भराव आहे." पुन्हा थोडा हशा झाला. या वेळी संध्या हसली नाही, पण त्याने काही फरक पडला नाही, कारण तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

चहाच्या टेबलापाशी सरांनीच तिला हाक मारली. "अगं संध्या! ये, ये. आई कशी आहे? सांग तिला, तुझ्या सारवणानं मला सत्तावीस वर्षं टाळ्या मिळवून दिल्यात." त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता, त्यांना खरंच आनंद झाला होता. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "सर, सारवण एकोणीस तारखेला झालं. भिंतीचं रेखाचित्र मी अठराला काढलं होतं. आदल्या दिवशी." सरांनी बशीतला चहा कपात परत ओतला. "कोणतं रेखाचित्र?" "पहिलं. रेघांचं." "हां, ते! वहीचं पान." ते मोकळेपणाने हसले. "बेटा, पुरावा म्हणजे फोटो. फोटोत काय आहे? सारवलेली भिंत. त्याला मी काय करू?" "सर, दोन इंच मागे सरून भिंत पुन्हा कापता आली असती. दहा मिनिटांचं काम होतं." ही गोष्ट तिने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटली होती, आणि म्हटल्यावर ती फार लहान वाटली. सरांच्या भोवती दोन-तीन माणसं गोळा झाली होती. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, प्रेमळपणे. "आता हे काढून कोणाचं भलं होणार आहे? आणि संध्या, भराव हा शब्द मी नाही लिहिला. तू लिहिलास." मग ते दुसऱ्या कोणाकडे वळले.

बस बडनेऱ्याच्या बाहेर पडली तेव्हा पावणेतीन वाजले होते. तिला खिडकी मिळाली होती. दोन्ही बाजूंना तूर कापून पेंढ्या उभ्या केल्या होत्या, मधे मधे बोंडं वेचून उलंगलेल्या पऱ्हाटीच्या काळ्या काड्या. शेजारची बाई मांडीवरच्या पिशवीतून बोरं काढून खात होती, बी खिडकीतून बाहेर टाकायला दर वेळी संध्याच्या पुढून हात नेत होती. 'तू लिहिलास.' हे वाक्य ती उलटंसुलटं करून पाहत होती, आणि प्रत्येक बाजूने ते खरं होतं, हा त्याचा सर्वांत मोठा अन्याय होता. खड्ड्यावर कामाला आधी लागली ती आई. जिनिंगचं काम त्या वर्षी लवकर आटोपलं होतं, आणि कुणीतरी सांगितलं की परकोटाजवळ माती खोदायला बाया पाहिजेत. आठव्या दिवशी आईनेच सरांना सांगितलं की माही पोरगी डराइंग शिकली हाय, तिले पाह्यता काय. तिथवर सगळं आईच्या शब्दावर उभं होतं. संध्याला फळी, आलेखाचा कागद आणि ओळंबा मिळाला. भिंतीवर आडवी दोरी बांधायची, दर दहा सेंटिमीटरला मोजायचं, दिसेल ती रेघ कागदावर उतरवायची. आई घमेल्यात माती भरून वर द्यायची आणि येता-जाता लेकीच्या फळीकडे पाहायची, शेजारच्या बायांना दाखवायची. भातकुलीहून येणारी मैनाबाई म्हणायची, "इंदे, तुही पोरगी सायेब झाली व. आता घमेलं तिच्या डोक्यावर नको देऊ, तिची पेन्सिल तुह्या कानात खोस."

खालच्या थरापाशी आल्यावर संध्या अडली होती. काळ्या मातीच्या लगेच वर करड्या मातीचा तेरा सेंटिमीटरचा एक पट्टा होता. लांबून एकच रंग, जवळून पाहिलं तर पापुद्रे. एकावर एक इतके पातळ की पेन्सिलीचं टोक दोन पापुद्र्यांवर एकदम पडे. तिने आईला बोलावलं नव्हतं. आई पाणी प्यायला म्हणून खाली उतरली, भिंतीशी उकिडवी बसली आणि अंगठ्याचं नख एका पापुद्र्यावर ठेवून म्हणाली, "हे त सारवन हाय." संध्या म्हणाली, "कशावरून?" "कशावरून म्हंजे? हात हाय न त्यात. हे पाह्य." आणि तिने दाखवलं. पट्टा डावीकडे जिथे संपत होता तिथे सगळे पापुद्रे एकदम वर वळले होते, अंगुळभर. भुई सारवत सारवत बाई भिंतीपर्यंत येते आणि तिचा हात आपोआप थोडा वर चढतो, कोपऱ्यात माती ठासतो, मग फिरतो. नुसत्या भरावाला असा काठ येत नाही. भराव टाकला की पडेल तसा पडतो. मग आई मोजायला लागली. रोजचं सारवण पायाने झिजून जातं, ती म्हणाली. राहतं ते सणाचं, कारण त्यात पांढरी माती असते. वर्षात दोनदा. ती नखाने एक एक पापुद्रा मोजत गेली आणि चाळीसच्या पुढे थांबली. एक काळी रेघ होती. राखेची. "इथं जयलं काहीतरी," ती म्हणाली. आणि लगेच त्याच आवाजात पुढे, "मंग परत सारवलं." चौसष्ट झाले. बत्तीस वर्षं. आणि हे सगळं परकोटाच्या कपच्यांच्या खाली, म्हणजे परकोट बांधायच्या आधी. शहराची भिंत आली तेव्हा या भुईवर माणसं आधीच राहत होती, आणि भिंतीने त्यांना बाहेर ठेवून आपली वाट काढली. मैनाबाई वरून ओरडली, "इंदे, सर पगार वाढून देऊन राहिला काय तुले? घमेलं कोन उचलते?" आईने वर पाहिलं नाही. म्हणाली, "परकोटाबाहेर कोन राह्यत होतं हे पाहाले शास्त्रज्ञ लागते काय व माय?"

संध्याने त्या दिवशी सगळ्या रेघा काढल्या. चौसष्ट, राखेची वेगळी. पेन्सिलीला दर चार रेघांनी टोक करावं लागलं. संध्याकाळी पाचला सरांना दाखवलं, तारीख टाकून: १८-१-९८. सरांनी कागद उजेडात धरला. ते चिडले नाहीत, तेही तिने नीट लक्षात ठेवलं होतं. म्हणाले, "हे रेखाचित्र आहे की दुरेघी वही?" तिने वर वळलेला काठ दाखवला. आईने मोजलं ते सांगितलं. सर म्हणाले, "मजूर बाईच्या नखावर मी अहवाल लिहू?" आणि मग, समजावणीच्या सुरात, की परकोट हाच या शहराचा आरंभ आहे हे शंभर वर्षं लिहिलं जातंय, ते बदलायचं तर मूठभर शेणाने बदलत नसतं, हा पट्टा एकत्र दाखव, एकच शब्द लिही. तिने विचारलं, कोणता. ते म्हणाले, भराव. टेबलावर, पेपरवेटखाली, तिच्या अनुभवाचा दाखला टाईप होऊन पडला होता, सही तेवढी राहिली होती. त्यांनी त्याकडे बोट दाखवलं नाही, पाहिलंही नाही. पाहिलं ते संध्याने. पाटबंधारे खात्याच्या अर्जाची मुदत महिनाअखेर होती, आणि रेखाटनाच्या कामाचा अनुभव मागितला होता. तिने पहिला कागद गुंडाळून पिशवीत घातला, दुसरा घेतला, आणि तो शब्द लिहिला. 'र'ची शेपटी थोडी लांब गेली.

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. शेजारची बाई उतरली आणि जाताना उरलेली बोरं संध्याच्या हातात देऊन गेली. ती तशीच मुठीत धरून ती बसली. तर मग एकोणीस तारखेची सकाळ. आदल्या दिवशी निघताना सर सगळ्यांना म्हणाले होते, 'घरी पाहुणे येणार असले की कसं करता, तसं करून ठेवा.' इतर बायांनी हे वाक्य ऐकून घेतलं आणि घरी गेल्या. आईने ते मनावर घेतलं. त्या पट्ट्यापाशी ती आदल्याच दिवशी नख ठेवून बसली होती. तिच्या लेखी तो खड्डा नव्हता, कुणाचं तरी घर होतं, भुई उघडी पडलेलं. पाहुण्यांनी उघड्या भुईवर पाय ठेवायचा? सकाळी सहाला ती शेण आणि पांढऱ्या मातीचं घमेलं घेऊन एकटी उतरली, पोतेऱ्याने तळ सारवला आणि भिंतीपाशी आल्यावर तिचा हात आपोआप वर चढला, चौसष्ट वेळा कुणा बायांचा चढला होता तसाच. वीतभर. पट्टा तेरा सेंटिमीटरचा होता. तो पूर्ण झाकला गेला. सरांनी पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि मग पाहुणे हसले म्हणून तेही हसले. दुपारी बायांच्या घोळक्यात सगळ्यांसमोर ते आईला म्हणाले, "इंदूबाई, तुम्ही तर पुरावाच पुसून टाकला!" गमतीत म्हणाले. आईने ते गमतीत घेतलं नाही. ती संध्याकडे पाहत राहिली, लेक काही बोलते का म्हणून. लेकीला माहीत होतं की सारवणाच्या दोन बोटं मागे सगळे पापुद्रे जसेच्या तसे आहेत. गवंड्याच्या करणीने भिंत तेवढी मागे कापली की पुन्हा दिसतील. पुसलं काहीच गेलेलं नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वीस तारखेला दाखल्यावर सही झाली. एकवीसला खड्डा बुजवला.

त्यानंतर आई सारवायला बसली नाही. अकोल्यात फरशीचं घर झालं, त्यामुळे ते लवकर कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा भातकुलीला मैनाबाईच्या नातीच्या लग्नात अंगण सारवायला बायांनी बोलावलं, तर तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "माह्या हातानं नको. माह्या हातानं बिघडते." बाया हसल्या. संध्या तिथेच उभी होती, हातात हळदीचं ताट घेऊन. त्या वेळीही तिने ठरवलं होतं की घरी गेल्यावर सांगू. बोरगाव मंजू गेलं. इतका वेळ सरांवर रोखून धरलेला राग आता कुणावर आहे हे तिला नीट कळत नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होती, बशीतून कपात परत ओतलेला चहा, खांद्यावरचा हात. चेहरा येत होता, राग त्यावर टिकत नव्हता.

घरी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते, ऊन अजून ओसरीवर होतं. आई तांदूळ निवडत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठ सरळ. संध्याने चप्पल काढली, आत गेली, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुन्या चादरीत गुंडाळलेला कागद काढला आणि आईसमोर ओसरीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर बोरं ठेवली, गुंडाळी सुटू नये म्हणून. आईने ताट बाजूला सारलं. चष्मा लावला, कागदावर वाकली, आणि थोड्या वेळाने तिचा अंगठा पुढे आला. नख कागदावर एकेक रेघ ओलांडत वर गेलं, ओठ हलत होते. राखेच्या रेघेशी थांबलं. पुन्हा चाललं. "चौसट," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की संध्याला तिकडे पाहवेना. "हे तेच होय न? मले वाटलं माह्या डोक्यातच राह्यलं हे. तू कधी काढलं?"

"खाली तारीख हाय."

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आई आकडे शिकली होती. ती तारीख बोट ठेवून वाचायला तिला वेळ लागला. मग तिने बोट तारखेवरच ठेवलं.

"पाहुने एकोनीसले आले होते."

"हो."

"मंग हे आधीच काहाडलं होतं तू. सरले दाखवलं?"

"दाखवलं. ते म्हणाले, भराव लिही. मी दुसरा कागद केला."

"आन म्या सारवलं ते?"

"त्याच्या मागे सगळं तसंच होतं. दोन बोटं मागे. अजूनबी असंन."

"हे तुले कधी समजलं?"

"त्याच दिवशी."

आईने चष्मा काढला. एक एक गोष्ट ती तांदळातल्या खड्यासारखी बाजूला काढून ठेवत होती, घाई नव्हती. "तुहा दाखला कोन्त्या तारखेले भेटला?"

"वीस."

"अठरा, एकोनीस, वीस," आई म्हणाली. मग ती उठली, आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. संध्या कागदापाशी बसून होती. ऊन ओसरीच्या पायरीवर उतरलं. तिला वाटलं आपण काहीतरी म्हणायला हवं, माफी किंवा तसलं. पण तोंडात येत होतं ते सगळं सरांविषयीच होतं, त्यांनी काय केलं, ते आज कसे हसले. आई परत आली तेव्हा तिचे हात ओले होते आणि ते तिने पुसले नव्हते.

"त्या मानसाचा मले कधी राग नाई आला," ती उभ्यानेच म्हणाली. "मी म्हनो, शिकेल मानूस हाय, इतकी मेहनत केली, आन आपल्या हातानं नासली. सोताचा राग केला मी. सत्ताईस वर्सं. आता सांग, कोनाचा करू?"

संध्याने मान वर केली नाही. "आज तो सगळ्यायसमोर तुही गोष्ट सांगून राहिला होता," ती म्हणाली. "लोकं हसले."

"आन तू?"

कागदाचा एक कोपरा सुटला होता. संध्याने बोर पुन्हा त्यावर ठेवलं.

"मीबी हसली."

आई हळूहळू खाली बसली, गुडघ्यावर हात टेकून. तिने विचारलं, आता त्या जागेवर काय आहे. संध्याने सांगितलं: मोकळी जागा, गवत, हरकतीला उद्या पाचपर्यंत मुदत, मग तळघर खोदणार. यंत्राने. चौसष्ट पापुद्रे यंत्राच्या एका बोकाण्यात जातील. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कागद आन. लिहाचा." संध्या आतून कोरा कागद आणि फळी घेऊन आली. आई सांगू लागली आणि संध्या ते लेखी भाषेत उतरवू लागली, सवयीने: उपरोक्त विषयान्वये, सदर जागेवर. आईने तिला थांबवलं. "हे कोनाले समजते? साधं लिही. म्या मोजलं ते लिही. माहं नाव वर लिही. इंदूबाई देवराव तायडे, घमेलेवाली."

"घमेलेवाली नाही लिहीत कोणी, आई. मजूर लिहितात."

"मंग मजूर लिही. आन सांग, उद्या मी येतो. कुठं सारवलं ते मले मालूम हाय, परकोटाच्या खिडकीपासून अठरा पावलं. खोदा म्हना, दोन बोटं मागं खोदा." तिने श्वास घेतला. "आता तुहं लिही. तुहं खाली. अन् तू काय केलं ते लिही."

संध्याचा हात थांबला. उद्या कचेरीच्या आवक खिडकीवर हा कागद शिक्का लागून जाईल. एखाद्या फाइलीत दाखल्याची तारीखही कुणाला सापडेल. तिच्या नोकरीची सात वर्षं उरली होती. हे सगळं तिने रेघ मोजावी तसं मोजलं, आणि आई ते मोजताना पाहत होती, त्या दिवशी बायांच्या घोळक्यातून पाहत होती तशी, लेक काही बोलते का म्हणून.

तिने लिहिलं. मुद्दाम नकाशावरच्याच सुट्या, सरळ अक्षरात, म्हणजे दालनातल्या दोन फुटी शब्दाशेजारी कुणी हा कागद धरला तर हात एकच आहे हे त्याला कळावं: 'भराव हा शब्द मी लिहिला. तो खोटा आहे, हे लिहिताना मला माहीत होतं.' खाली सही केली, तारीख टाकली.

"वाच," आई म्हणाली. तिने वाचून दाखवलं. आईने अंगठा पदराला पुसला, कागद आपल्याकडे ओढला आणि 'खोटा' या शब्दाखाली नखाने एक रेघ ओढली, कागदावर वळ उठेल इतकी दाबून.

"उद्या सकायी सातची गाडी पाह्य," ती म्हणाली. "आन माह्याशी बोलू नको गाडीत."